एकवीस पायऱ्यांचं घर: सांगलीतल्या एका बांधकामाचं प्रकरण

जागा आणि माणसं

सांगलीत प्लॉट बघायला गेलं की दिशा, रस्ता, भाव हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "२०१९ ला इथं पाणी किती होतं?" या प्लॉटवर ते कुणाला विचारावं लागलं नाही. शेजारच्या कंपाउंडवर मातकट रेघ तशीच होती, रस्त्यापासून जवळजवळ सात फुटांवर. शेजाऱ्यांनी नंतर रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी मुद्दाम सोडली होती. प्लॉट दोन गुंठ्यांचा. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मागं उसाचं रान आणि त्यापलीकडं कृष्णाकाठची झाडी.

मी या कामात आरसीसी कन्सल्टंट होतो. घर कसं दिसावं हे ठरवणं माझ्याकडं नसतं, ते उभं कसं राहील एवढंच बघायचं. पण ड्रॉइंग बदललं की माझं गणित बदलतं, म्हणून जवळपास प्रत्येक बैठकीला बसलो. घरच्यांना आणि आर्किटेक्ट मॅडमना विचारून, नावगाव वगळून हे लिहितो आहे.

घरात पाच माणसं. काका सहकारी बँकेतून निवृत्त. काकू. काकांची आई, वय ब्याऐंशी. मुलगा आठवडाभर पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. सून फिजिओथेरपिस्ट, तिचं क्लिनिक विश्रामबागला. मूळ घर गावभागात, भावकीत वाटण्या झालेल्या वाड्याचा एक तुकडा. तिथं २००५ ला पाणी शिरलं, २०१९ ला शिरलं आणि २०२१ ला तिसऱ्यांदा गाळ उपसल्यावर काकांनी वाटा विकायचा निर्णय घेतला. विश्रामबागेत दोन गुंठे घ्यायचे तर बजेट जागेतच संपलं असतं. म्हणून ही जागा. पुन्हा पुराच्या पट्ट्यातच, पण या खेपेला डोळे उघडे ठेवून.

काकांनी पहिल्या बैठकीत मोबाइलवर फोटो दाखवले. मध्ये चौक, भोवती सोपे, लाकडी खांब, कौलारू छप्पर, झोपाळा. थोडक्यात त्यांना वाडाच हवा होता, फक्त पाणी न शिरणारा.

मॅडम मिरजेच्या. पुण्यात काही वर्षं काम करून परत आलेल्या. त्यांनी फोटो शांतपणे बघितले आणि पहिला कागद काढला तो पूररेषेच्या नकाशाचा.

लाल रेषेच्या वर

सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर, आणि २०२१ च्या जुलैत परत पन्नाशी ओलांडली. गंमत म्हणजे सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच. पाणी येतं ते वरून, कोयनेकडून, महाबळेश्वराकडून. आणि खाली हरिपूरला वारणा मिळते, तीही भरून वाहत असली की निचरा होत नाही. त्यामुळं इथला पूर धडक मारत येत नाही. आधी गटार उलटं वाहायला लागतं, मग अंगण, मग पायरी. चढायला वेळ घेतो आणि उतरायलाही दिवस घेतो, आणि जाताना गाळ ठेवून जातो.

नियम असा: नदीच्या बाजूची निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये जागा असेल तर बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या यूडीसीपीआरमध्ये, हे स्पष्ट आहे. हा प्लॉट नेमका मधल्या पट्ट्यात. पातळ्या घेतल्या तेव्हा लाल रेषा रस्त्यापासून अडीच मीटर वर निघाली. त्यावर ०.४५ म्हणजे २.९५. मॅडमनी राहत्या मजल्याची फरशी ३.१५ मीटरवर धरली, आणि इथून पुढचे सगळे वाद या एका आकड्यातून निघाले.

३.१५ मीटर म्हणजे सव्वादहा फुटांच्या वर. खाली नुसतं पार्किंग. काकांच्या डोळ्यांपुढचा वाडा जमिनीला टेकलेला, ओटीवर पाय सोडून बसता येईल असा. आणि कागदावर तयार झालं ते खांबांवर उचललेलं खोकं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हे घर आहे का पाण्याची टाकी?"

पायऱ्या

मॅडमचा पहिला जिना फार देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. रस्त्याकडून सरळ वर जाणारा, सात फूट रुंद, काळ्या दगडाचा, कठडा नाही, दोन्ही बाजूंना झाडं. कृष्णेच्या घाटाची आठवण होईल असा. उंच घराची अडचणच त्यांनी घराचा चेहरा केली होती. मुलगा खूश. काकाही विरघळले.

सुनेनं ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "रायझर किती?" म्हणजे एका पायरीची उंची.

"एकशे पंचाहत्तर."

"आजींना दीडशेच्या वर नको. आणि ट्रेड तीनशे पाहिजे. अठरा पायऱ्या सलग चढून त्या वर पोचल्या तर दुसऱ्या दिवशी माझ्याच क्लिनिकला येतील."

ट्रेड म्हणजे पाय ठेवायची जागा. हा वाद मिलिमीटरमध्ये चालला. दीडशेच्या रायझरनं ३.१५ मीटरला बरोबर एकवीस पायऱ्या येतात. एकवीस पायऱ्या सरळ रेषेत तीनशेच्या ट्रेडनं घेतल्या तर जिनाच सहा मीटर लांब होतो आणि पुढचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, खाऊन टाकतो. म्हणून तो वळवावा लागला: सात, वळण, सात, वळण, सात. मधली दोन्ही लँडिंग पूर्ण रुंदीची, दुसऱ्या लँडिंगवर भिंतीला लागून दगडी कट्टा. कठडा दोन्ही बाजूंनी, कारण उतरताना आधार कुठल्या हातानं घ्यायचा हे कुठला गुडघा दुखतो त्यावर ठरतं. हे सुनेचं वाक्य. मॅडमनी ते तिथल्या तिथं लिहून घेतलं. दगड पॉलिशचा नाही, छिन्नीनं टाकलेला, खरखरीत. वर छप्पर.

मध्ये जी चौकोनी पोकळी उरली ती दीड मीटर बाय दीड मीटर. ती पुढंमागं लिफ्टसाठी म्हणून राखली. तूर्त राहत्या मजल्यावर तिथं सुट्या फळ्यांचा तळ टाकून कपाट केलं. स्लॅबमध्ये भोक आधीच सोडलेलं आहे, म्हणजे उद्या ब्रेकर लावून घर हादरवायला नको.

घाट गेला याचं मॅडमना वाईट वाटलं, त्यांनी ते लपवलं नाही. मला विचाराल तर वळणाचा जिनाच चांगला झाला. सरळ जिना रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी होता. वळणाच्या जिन्यात चढणाऱ्याला दर सात पायऱ्यांनी वेगळं काहीतरी दिसतं: आधी शेजारचं चाफ्याचं झाड, मग रस्ता, मग दार.

माझा भाग

खाली मोकळं आणि वर भिंतींचा जड मजला, हे आमच्या लोकांना झोप न येण्याचं कारण असतं. भूकंपात सगळं वाकणं-हलणं त्या मोकळ्या मजल्यातच होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या. आणि सांगलीला कोयना परकी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पहाट आठवणारी माणसं अजून आहेत, आजी त्यातल्याच.

मॅडमना खांब बारीक आणि आत सरकवलेले हवे होते, घर अधांतरी वाटावं म्हणून. मुलाला सगळे कॉलम नऊ इंचात हवे होते, भिंतीत लपावेत म्हणून. हा नऊ इंचांचा हट्ट आमच्याकडं घरोघरी असतो. भूकंपरोधक तपशिलांचं भारतीय मानक, आयएस १३९२० ची २०१६ ची आवृत्ती, कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर मागते. म्हणजे बारा इंच. मी तिथून हललो नाही. दुसरं म्हणजे जिन्याच्या आणि लिफ्टच्या पोकळीच्या भिंती विटांच्या न करता काँक्रीटच्या घेतल्या. सगळा आडवा जोर त्या पेलतात, मग बाकीचे खांब अवाढव्य करावे लागत नाहीत. या भिंतींची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, पाणी येतं-जातं त्या दिशेनं, म्हणजे पुराच्या पाण्याला आडवा बांध पडत नाही.

पाया हा वेगळाच खर्च. वर काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर वर-खाली करते. खड्डा घेतला तर मुरूम अकरा फुटांवर लागला. काकांना वाटलं होतं पाच-सहा फुटांत भागेल. जमिनीखाली गेलेला पैसा कुणालाच दिसत नाही, त्यामुळं तो सगळ्यांना जास्त वाटतो.

बारा इंची कॉलम आणि सहा इंची भिंत यांमुळं प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात सहा इंचांचा खांडका पुढं येणार होता. कपाट बसत नाही, पलंग टेकत नाही. मुलगा वैतागला. मॅडमनी दोन कॉलमांच्या मधली ती सहा इंच खोली पूर्ण भिंतभर वापरली: खाली पुस्तकांची फडताळं, वर कमानीचे कोनाडे. वाड्याच्या जाड भिंतीत असतात तसे. फोटोतला वाडा दाखवताना काकांनी कोनाड्यांचं नावही घेतलं नव्हतं. आता आल्यागेल्याला पहिल्यांदा तेच दाखवतात.

जिन्याच्या काँक्रीट भिंतींना गिलावा करायचा नाही असं ठरलं. पुराचा गाळ गिलाव्यात आणि दगडी क्लॅडिंगच्या मागं शिरून बसतो, मग पोपडे येतात, लोणा लागतो. त्यापेक्षा उघडं काँक्रीट पाइपनं धुता येतं. मॅडमनी शटरिंगला प्लायऐवजी चार-चार इंची देवदारी पट्ट्या लावायला सांगितल्या, त्यांच्या रेषा काँक्रीटवर उमटाव्यात म्हणून. मिस्त्रीला हे पटेना. "सायेब, गिलावा न्हाई म्हंजे घर अर्धंच दिसतंय बघा. लोक म्हणतील पैसं संपलं." तो चुकीचं बोलत नव्हता. सांगलीत उघडी भिंत म्हणजे थांबलेलं काम, असंच वाचलं जातं. काकांनाही हीच धास्ती होती. शेवटी मॅडमनी कंपाउंडच्या एका तुकड्यावर नमुना टाकून दाखवला. पट्ट्या काढल्यावर लाकडाच्या गाठीसुद्धा काँक्रीटवर उमटल्या होत्या. काकू त्यावरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे असंच." तिथं तो विषय संपला. मिस्त्रीनं पुढच्या भिंतीला गाठींच्या पट्ट्या स्वतः निवडून लावल्या.

"हे पुसणार कोण?"

चौकावर मात्र घमासान झालं. काकांना उघडा चौक हवाच होता. दोन गुंठ्यांत सामासिक अंतरं सोडल्यावर उरतं त्यात मधोमध चौक घेतला तर भोवतीच्या खोल्या बोगद्यासारख्या होतात. स्लॅबच्या मध्यात मोठं भोक मलाही नको होतं. पण हे सगळं तांत्रिक. निर्णायक प्रश्न काकूंचा निघाला. त्या तोवर बहुतेक बैठकांत चहा-पोह्यांचं बघत होत्या.

"पावसात चौकात पाणी येणार. धूळ येणार. पारवे येणार. हे पुसणार कोण? वाड्यात चौक पुसायला तीन जावा होतो आम्ही. इथं मी एकटी आहे."

कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही.

मॅडमच्या बैठकीच्या नोंदीत तीन रकाने असायचे: काय ठरलं, का ठरलं, खर्च. त्या दिवसापासून चौथा रकाना आला, "निगा कोणाची". माझ्या मते या घराचं खरं डिझाइन त्या रकान्यानं केलं. तोवर भांडण दोन बाजूंचं होतं, मॅडम म्हणजे सौंदर्य आणि घरचे म्हणजे सोय. चौथ्या रकान्यात नाव लिहायची वेळ आली की बाजू बदलायच्या. बाथरूमला मोठ्ठ्या चकचकीत काळ्या टाइल्स मुलाला हव्या होत्या. निगेत "काकू" लिहिलं गेलं आणि त्यानंच त्या रद्द केल्या, क्षाराचे डाग त्याला पुण्याच्या फ्लॅटमुळं माहीत होते. उलट कोनाड्यांना निगा जास्त लागते, धूळ बसते. तिथं आजींनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं. बसल्या बसल्या पुसेन म्हणाल्या. म्हणून कोनाड्यांची ओळ खुर्चीच्या उंचीवर आली.

लाकडी खांब आठ हवे होते. सागवानाचा भाव आणि दर दोन-तीन वर्षांचं पॉलिश, दोन्ही मिळून ते दोनावर आले. तेही नवे नाहीत. जुन्या घराच्या वाट्यातले, तळखड्यांसकट आणलेले. तीन पूर खाऊन त्यांना काही झालं नव्हतं. सुतारानं घासून तेल लावलं. ते वरच्या दारापुढच्या पडवीला आहेत आणि पडवीच्या छपराशिवाय कशाचाही भार घेत नाहीत, याची खात्री मी करून घेतली आहे.

चौकाचं शेवटी असं झालं: घराच्या मधोमध दुमजली उंचीची एक जागा, आठ बाय दहा फुटांची, जेवणाचं टेबल तिथंच. वर उघडं आकाश नाही. छताच्या वर उचललेलं छोटं कौलारू छप्पर, त्याच्या चारही बाजूंना लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्या, आणि आत बारीक जाळी. गरम हवा वर जाऊन बाहेर पडते, उजेड बाजूनं येतो, पाऊस आत येत नाही. वर पॉलिकार्बोनेट टाकू, स्वस्त पडेल, असं ठेकेदार म्हणाला होता. मॅडमनी साफ नकार दिला आणि मीही मान डोलावली. सांगलीचा एप्रिल-मे चाळीसच्या आसपास तापतो, त्या पत्र्याखाली जेवायला कोण बसणार. तुळशीला ऊन लागतं, ती चौकातून उठून पूर्वेच्या पडवीत गेली.

स्वयंपाकघराचं फार ताणलं नाही. उघडं किचन मॅडमना हवं होतं, फोडणीचा खकाणा काकूंना घरभर नको होता. मध्ये सरकती काच आली. ओटा काकूंच्या उंचीनं बत्तीस इंच, सून उंच आहे ती वाकते. वास्तूवाले गृहस्थ एकदाच आले. देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला तसंही बसत होतं, म्हणून तेही खूश होऊन गेले.

नदी की रस्ता

मॅडमच्या डिझाइनमधला सर्वांत मोठा ऐवज म्हणजे पश्चिमेची खिडकी. आजींच्या खोलीची पूर्ण भिंत काचेची, समोर ऊस, त्यामागं नदीची झाडी, संध्याकाळचा सूर्य. अडचण उघड होती. पश्चिमेचं उतरतं ऊन आडव्या छज्ज्यानं अडत नाही, ते छज्ज्याखालून आत येतं. त्याला उभे पडदे लागतात, लूव्हर म्हणा, जाळी म्हणा. पाऊसही त्याच बाजूनं झोडपतो. लाकडी जाळीला निगेच्या रकान्यात कुणाचंच नाव लिहिता येईना. मग विटांची जाळी. केरळात लॉरी बेकर यांनी अशा जाळ्या किती सुरेख वापरल्या हे मॅडमनी पुस्तकं आणून दाखवलं. नदीकाठच्या भट्ट्यांची वीट पाणी पिते, तिला लोणा लवकर लागतो, म्हणून वायरकट, म्हणजे यंत्रावर तारेनं कापलेली वीट ठरली.

हे सगळं ठरल्यावर एक दिवस स्लॅब ओतून झालेला असताना आजींना साइटवर आणलं. जिन्याची सेंट्रिंग नुकतीच निघाली होती, कठडा नव्हता. मुलगा आणि मिस्त्री दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर नेलं. मॅडमना खिडकीची खालची कड त्यांच्या बसलेल्या नजरेच्या उंचीवर घ्यायची होती. खुर्ची पश्चिमेला तोंड करून ठेवली. मॅडम वाकून आजींच्या डोळ्यांच्या रेषेत आल्या, हातात खडू.

आजी म्हणाल्या, "इकडं कशाला बसवलंय मला?"

"नदीकडची झाडी दिसते ना आजी इथनं."

"नदी बघितली की मी. तीनदा घरात आलेली बघितली. मला रस्त्याकडं बसव. कोण आलं, कोण गेलं कळतं तरी."

मुलगा हसायला लागला, मॅडम गप्प. नदी हवी होती ती मॅडमना आणि त्याला. आजींना कुणी विचारलंच नव्हतं, म्हातारं माणूस म्हणजे संध्याकाळ आणि नदी असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. खुर्ची उचलून पूर्वेला नेली. खडूची खूण जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर आली ती त्यांच्या डोळ्यांची. खिडकीची कड त्याच्याही खाली, दोन फुटांवर घेतली, म्हणजे रस्त्यावरचं माणूस चेहऱ्यानं ओळखता येईल. बाहेरून ग्रिल, कारण दोन फुटांची कड मुलांसाठी धोक्याची. खोल्यांची अदलाबदल झाली. आजी पूर्वेला आल्या, मुलगा-सून पश्चिमेला गेले. नदीची खिडकी राहिली, पण भिंतभर नाही. चार फुटांची, जाळीच्या मागं.

मला यात मॅडमचं कौतुक वाटतं. महिनाभराचं ड्रॉइंग एका वाक्यानं फुकट गेलं आणि त्यांनी पुढच्या बैठकीला नवं आणलं. असं न करणारे मी बरेच पाहिले आहेत.

कौलं आणि गच्ची

काकांना पूर्ण कौलारू छप्पर. काकूंना गच्ची, कारण कुरडया, पापड, सांडगे, तिखटाच्या मिरच्या कौलांवर वाळत घालता येत नाहीत. इथं मी काकूंच्या बाजूनं बोललो, कारण वेगळं. पुरात सात-आठ दिवस अडकून पडायची वेळ आली तर गच्चीवर माणूस उभा राहू शकतो, पाण्याची टाकी आणि सोलर तिथं असतात, मदतीच्या होडीला-विमानाला दिसतो. पुढच्या बाजूला पडवी आणि त्यामागच्या खोलीवर कौलं, मागं सपाट गच्ची, असं अर्धं-अर्धं झालं. दोन्हींच्या सांध्यावर पाणी गळायची भीती असते. तिथं रुंद पन्हळ आणि ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा, उतार उलट दिशेला. रस्त्यावरून बघणाऱ्याला कौलारू घर दिसतं.

खालची जागा

खालचा मजला भिजणार हे धरूनच केला. फरशी खरखरीत शहाबादी, उतार मागच्या बाजूला, गाळ झाडूनं लोटून पाइपनं धुता यावा म्हणून. दार, कपाट, फॉल्स सीलिंग काहीही नाही. लाल रेषेखाली एकही सॉकेट नाही. मीटर आणि डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, वरच्या दाराजवळ. खालचे दोन दिवे वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे पेटीतल्या वेगळ्या बटणावर, पाणी चढायला लागलं की वरूनच बंद. ड्रेनेजच्या लाइनीला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, चेंबरला घट्ट बसणारी झाकणं. बोअरचा केसिंग पाइप लाल रेषेच्या वर नेला. जमिनीखालची पाण्याची टाकी करायची का यावर मी नाखूश होतो. भोवती पाणी भरलं आणि टाकी रिकामी असली तर ती वर उचलली जाऊ शकते. केलीच तर इशारा आल्याबरोबर ती काठोकाठ भरायची, रिकामी करायची नाही. लोकांना उलटं वाटतं. शेवटी टाकी केली नाही, गच्चीवर एक जास्तीची बसवली.

झोपाळा खाली टांगला आहे. कड्या काँक्रीटच्या बीममध्ये, पाट सागवानी, साखळीला खटका. पाणी यायचं चिन्ह दिसलं की पाट काढून वर. दुपारी तिथं सावली आणि वारा दोन्ही असतात.

खर्चाचं एवढंच सांगतो की पाया आणि खालचे खांब यांत जे गेलं, त्यात एरवी एक खोली वाढली असती. त्यामुळं वरचा पाहुण्यांचा मजला पुढं ढकलला. कॉलमच्या सळ्या पुढं सोडल्या आहेत, सिमेंटच्या लेपात झाकून.

राहायला गेल्यावर

मोठ्या पुराची परीक्षा या घराची अजून झालेली नाही. बाकीचं बघता येतं.

मधल्या उंच जागेचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. मे महिन्यात दुपारी चारपर्यंत तिथं पंखा पुरतो. वरच्या बारीक जाळीत मात्र उसाची पाचट जाळतात तेव्हाची काजळी अडकते आणि हवा कोंडते. साफ करायला शिडी लागते, निगेच्या रकान्यात तिथं "मुलगा, दिवाळीआधी" असं लिहिलं होतं. दोन दिवाळ्यांत एकदाच झालं आहे.

विटांच्या जाळीत कोळी फार. काकू ब्लोअर मारतात आणि मॅडमच्या नावानं थोडंफार बोलतात. मॅडमना हे माहीत आहे. उघडं काँक्रीट जिन्याच्या वळणावर हातांनी काळं पडलं आहे, सगळे तिथंच हात टेकतात. तेवढ्या पट्ट्याला पारदर्शक सीलर मारायला हवा होता. पावसात खाली उतरताना पहिल्या लँडिंगवर झड येते.

जिना सर्वांत जास्त वापरात आहे तो कट्ट्यापर्यंत. दुसरं लँडिंग चौदा पायऱ्यांवर. संध्याकाळी आजी सात पायऱ्या उतरून येतात आणि शेजारच्या दोघीतिघी चौदा चढून येतात. रस्त्यापर्यंत आजी हल्ली जात नाहीत. गावभागात त्या दारातून पाय बाहेर टाकला की रस्त्यात असत. इथं रस्त्यावर जायचं तर ठरवून जावं लागतं. घर उंच करण्याची ही किंमत कुठल्याही ड्रॉइंगनं पूर्ण भरून निघत नाही, आणि सून हे पहिल्या दिवसापासून सांगत होती.

आता लिफ्टची चर्चा सुरू आहे. एक लिफ्टवाला येऊन पोकळी मोजून गेला. त्याचं म्हणणं खाली पिट, म्हणजे लिफ्टचा खड्डा, घ्यावाच लागेल. माझं म्हणणं, कमी खोलीच्या पिटचं मॉडेल घ्या, मशीन आणि कंट्रोल पॅनेल वर ठेवा, आणि लिफ्ट एरवी वरच्या मजल्यावरच उभी राहील असं सेटिंग करून घ्या. कपाटातलं सामान कुठं ठेवायचं हे काकू आणि मॅडम यांच्यात ठरतं आहे. काका म्हणतात लिफ्टला लाकडी जाळीचा दरवाजा करू. चौथ्या रकान्यात अजून कुणाचं नाव आलेलं नाही.